नॉब उड्या मारतो म्हणून गंजाचा स्प्रे मारू नका

‘सिंथ (आवाज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) किंवा मिडी कंट्रोलरचा (संगीताच्या सॉफ्टवेअरला आकडे पाठवणारं नॉबांचं उपकरण) नॉब जरा फिरवला की आवाज एकदम उडतो? गंज सोडवायचा स्प्रे मारा, दोन मिनिटांत काम फत्ते,’ असा संदेश वादकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मुळात नॉब खराब असेलच असं नाही. साध्या मिडीत (वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती आकड्यांची भाषा) मूल्यं 0 ते 127, म्हणजे फक्त 128 पायऱ्या. नॉब फिरतो साधारण 270 ते 300 अंश. तेवढ्यात फिल्टरची (आवाजातले उंच-खालचे भाग गाळणारी सोय) अख्खी पट्टी बसवली तर दर पायरीला आवाज टुणकन उडू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या नॉबची किमान-कमाल मर्यादा आवळा, फरक लगेच ऐकू येईल. प्रीसेट (साठवलेली आवाजाची मांडणी) बदलल्यावर पहिल्याच स्पर्शाला मूल्य उडत असेल, तर ‘पिकअप’ मोड चालू करा, म्हणजे नॉब साठवलेल्या मूल्यापर्यंत पोचेपर्यंत काही बदलत नाही. न थांबता गोल फिरणारा नॉब, म्हणजे एन्कोडर असेल, तर तो रिलेटिव्ह (किती फिरला एवढंच) पाठवतोय आणि सॉफ्टवेअर ॲब्सोल्यूट (नेमकं मूल्य) समजतंय का, तेही बघा.

आवाजाच्या नॉबखालचा पॉट (फिरवून रोध बदलणारा भाग) बदलून घेतल्यावर सुरुवातीलाच आवाज भसकन वाढू लागला? मग बहुधा लॉगच्या (कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटावं असा) जागी लिनियर (रोध सरळ प्रमाणात बदलणारा) बसलाय. हल्लीच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर, जुन्या युरोपीय मालात मात्र ए म्हणजे लिनियर असू शकतो (हा घोळ कुणी घातला कोण जाणे!).

हात न लावताही आकडा थरथरत असेल, तर धुळीचा संशय रास्त. तेव्हाही वीज बंद करून इलेक्ट्रॉनिक्सचा, प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. गंजाच्या स्प्रेनं आतलं ग्रीस धुतलं जातं, मागे तेलकट थर उरतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते.