घाटात न्यूट्रल? अजिबात नाही

"मामा, आंबा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची ना?" असं काल भाच्याने विचारलं. लायसन्स मिळून त्याला वर्षही झालं नाही, आणि गणपतीला गाडी घेऊन तो एकटा साखरप्याकडे उतरणार आहे. हे ज्ञान त्याला मिळालं ते 'पावसाळ्यात घाटातून जाताना' या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून. उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. पावसात आणि बोगद्यात चारी इंडिकेटर चालू ठेवा. काचेवर वाफ धरली की एसी बंद करा. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि पहिला तर जीव घेणारा आहे.

गाडी गियरमध्ये असते तेव्हा इंजिन चाकांना आवरून धरतं. न्यूट्रल केलं की तो आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दाबून ठेवलेले ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ होते, मग पेडल तळाला जातं तरी गाडी थांबत नाही. ऑइल जुनं असेल तर त्याने ओलावा धरलेला असतो, ते आणखी लवकर उकळतं. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, हा घाटातल्या ड्रायव्हरांचा जुना नियम आहे. ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गियरचा पर्याय निवडा.

बरं, पेट्रोल तरी वाचतं का? कार्ब्युरेटरच्या पद्मिनी-अँबॅसेडरच्या काळात थोडंफार वाचत असेल, एवढं मान्य करतो. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून इंधन सोडतो अशा गाडीत उलटं होतं. गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, कारण तेव्हा चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं.

काही जण याच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने ओळीने गाड्या ठोकल्या. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचं बोललं गेलं. नंतर पोलिसांनी सांगितलं की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. कारचं इंजिन बंद केलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. हे वळणावर झालं तर काय करणार?

चारी इंडिकेटर उभ्या किंवा बंद पडलेल्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीत ते लावले तर बहुतेक गाड्यांत वळण्याची खूणच देता येत नाही, आणि पुढची गाडी उभी आहे की चालतेय हे मागच्याला कळत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा, मागचे दिवेही त्यासोबत लागतात.

वाफ धरली तर एसी चालूच ठेवायचा, तो हवा कोरडी करतो. बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबा, काच साफ होते.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी आजच त्याच ग्रुपवर 'हे चुकीचं आहे' असं लिहावं. नुसता डिलीट करून भागणार नाही, तो वाचून झालेला आहे.