डेलावेअरची गाडी आणि पुण्याचा रोड टॅक्स

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. एकाची पुण्याहून बंगळुरूला बदली झाली, गाडी एमएच 12, लाइफटाइम टॅक्स पुण्यातच एकरकमी भरलेला, आणि आता तिकडचे म्हणतात की बारा महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवायची असेल तर केए नंबर घ्या आणि टॅक्सही भरा. त्यावर कोणीतरी लगेच लिहिलं, अमेरिकेत असली कटकट नाही, तिथे लोक टॅक्स नसलेल्या राज्यात जाऊन गाडी उचलतात. आणि वर मला टॅग!

तर बाबांनो, मी न्यू जर्सीत राहतो, शेजारचं डेलावेअर राज्य इथून दीड-दोन तासांवर. तिथे सेल्स टॅक्स नाही हे अगदी खरं आहे, लॅपटॉप नाहीतर टीव्ही घ्यायला इथले लोक जातातही. पण गाडीचं गणित वेगळं. टीव्हीला नंबर प्लेट लागत नाही ना, गाडीला लागते, आणि ती प्लेट तुम्ही राहता त्या राज्याकडूनच घ्यावी लागते. समजा 30,000 डॉलरची गाडी डेलावेअरच्या डीलरकडे घेतली, त्याने टॅक्स शून्य लावला, टेम्पररी नंबर प्लेट लावून तुम्ही खुशीत घरी आलात. मग रजिस्ट्रेशनला गेलात की खिडकीतली बाई बिल बघते आणि 6.625 टक्के लावते, म्हणजे 1,987 डॉलर 50 सेंट. पेनसिल्व्हेनियात घेतली असती तर बऱ्याचदा तिथल्या डीलरनेच न्यू जर्सीचा टॅक्स कापून कागद इकडे पाठवले असते, एवढाच काय तो फरक. याला इथे यूज टॅक्स म्हणतात, खरेदी कुठेही करा, वापर जिथे तिथला कर. हे काही आजचं नाही, वॉशिंग्टन राज्याने 1935 साली असा कर आणला, ग्रँड कूली धरणाच्या कंत्राटदारांनी बाहेरून आणलेल्या मशिनरीवर तो लागला म्हणून ते कोर्टात गेले आणि 1937 साली सुप्रीम कोर्टात हरले. आणि डेलावेअरवालेसुद्धा गाडीवर राज्याला डॉक्युमेंट फी भरतात, किमतीच्या टक्क्यांत, म्हणजे फुकट तिथेही नाही.

म्हणजे कर तुमच्या पत्त्याच्या मागे येतो, इथेही आणि तिथेही. मग इथे बरं काय आहे? माझ्या मते एकच गोष्ट. एका राज्यात सेल्स टॅक्स भरला असेल तर बहुतेक राज्यं तो वजा धरतात आणि फक्त फरक मागतात. आधी भरलेले पैसे सोडवायला जुन्या राज्यात खेटे घालावे लागत नाहीत.

आपल्याकडे बरोबर इथेच घोडं अडतं. जीएसटी आता देशभर एकच आहे, सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांचा 18 टक्क्यांवर आला तो सगळीकडेच, पण रोड टॅक्स राज्याचा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 11 ते 13 टक्के, कर्नाटकात महागड्या गाडीला 18 पर्यंत. बरं, दर वेगळे असू देत की, राज्यांनाही रस्ते बांधावे लागतात. पण आधी पुण्याच्या आरटीओची एनओसी काढा, मग बंगळुरूला टॅक्स भरा, नवीन आरसी आली की तिची कॉपी घेऊन परत पुण्यात रिफंडचा अर्ज करा, आणि मग एजंट सांगणार साहेब वेळ लागेल. ग्रुपवर सगळे "एक देश एक टॅक्स"च्या घोषणा देतायत, मला वाटतं ती मागणीच चुकीची आहे. कुठलंही राज्य स्वतःचा दर सोडणार नाही आणि का सोडावा? उरलेल्या वर्षांचे पैसे जुन्या राज्याने नव्या राज्याला परस्पर द्यावेत, एवढं मागा ना. बहुतेक सगळं रजिस्ट्रेशन केंद्राच्या 'वाहन' या ऑनलाइन पोर्टलवर आलंय, मग माणसानेच कागद घेऊन का फिरायचं?

बीएच सिरीज, म्हणजे देशभर चालणारा नंबर, आहे असं कोणी म्हणेल, 2021 पासून आहे, दोन-दोन वर्षांचा टॅक्स भरायचा. चांगली सोय आहे, पण सरकारी नोकर, सैन्यातले नाहीतर चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीतले, यांनाच. आमच्या मित्राची कंपनी दोन शहरांत, तो बाहेर!

बाकी पळवाटा काढणारे दोन्हीकडे सारखेच. तिकडे कमी रोड टॅक्सवाल्या पुदुच्चेरीचा खोटा पत्ता देऊन आलिशान गाड्यांचं पासिंग, इथे सेल्स टॅक्स नसलेल्या माँटाना राज्यात कागदी कंपनी काढून तिच्या नावावर फेरारी. पगारातून ईएमआय भरणाऱ्याला यातलं काहीच परवडत नाही.

आणि एका बाबतीत अमेरिकेचं अजिबात कौतुक करू नका, ती म्हणजे डीलरची डॉक फी. कागद भरायचे म्हणून शेकडो डॉलर. न्यूयॉर्कने 175 डॉलरवर मर्यादा घातलीय, न्यू जर्सीत मर्यादाच नाही, आणि डीलर असं दाखवतो की जणू ही सरकारचीच फी आहे. आपल्याकडचे हँडलिंग चार्जेस तेच की. त्यामुळे पुण्यात गाडी घेणाऱ्यांनो, ऑन-रोड किमतीचं कोटेशन हातात आलं की ती ओळ आधी खोडायला लावा आणि इन्शुरन्स बाहेर विचारून बघा, रोड टॅक्सवर भांडायला अख्खं आयुष्य पडलंय.