'रंगवलेली चित्रे' या आक्षेपाबद्दल

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पदार्थाच्या आतल्या चुंबकत्वाच्या त्रिमितीय क्ष-किरण चित्रणावरील माझ्या लेखातल्या 'पाहिले' या शब्दावर आपण "पाहिले म्हणू नका, संगणकाने रंगवले म्हणा" असे लिहिले आहे. मतभेद याहून सभ्य शब्दांत मांडता येतो.

एक चूक आधीच मान्य करतो. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत अभ्यासलेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या गॅडोलिनियम-कोबाल्टच्या स्तंभाला मी 'नॅनोस्तंभ' म्हटले होते. त्याचा व्यास 5 मायक्रोमीटर होता. नॅनो म्हणावे असे होते ते विभेदन, म्हणजे चित्रात वेगळा ओळखता येणारा सर्वांत बारीक तपशील, सुमारे 100 नॅनोमीटर. दुरुस्ती केली आहे.

आता 'रंगवण्या'कडे वळतो. वर्तुळाकार ध्रुवित क्ष-किरणांचे (ज्यांचे विद्युतक्षेत्र पुढे जाताना गोल फिरत राहते अशा किरणांचे) शोषण किती बदलेल, हे चुंबकनाचा, म्हणजे पदार्थातल्या त्या-त्या जागच्या चुंबकत्वाचा, किती भाग किरणांच्या दिशेत आहे यावर ठरते. स्तंभ 180 अंशांत फिरवला की घनतेची छाया आरशातल्यासारखी तशीच राहते, चुंबकीय भागाचे चिन्ह तेवढे उलटते. वजाबाकी केली की उरते ते चुंबकत्वाचे. हे रंगकाम असेल, तर सीटी स्कॅनही रंगकामच ठरेल. शिवाय फिरण्याच्या अक्षाला समांतर असलेला घटक स्तंभ कितीही फिरवला तरी किरणांच्या दिशेत येतच नाही, म्हणून स्तंभ 30 अंशांनी कलवून सारी मोजमापे पुन्हा घेण्यात आली. मनाजोगते चित्रच काढायचे असते, तर हा खटाटोप कोणी कशाला केला असता?

मी स्वतः सात वर्षे अशा किरणशलाकांवर, म्हणजे क्ष-किरणांच्या प्रयोगस्थानांवर, रात्रपाळ्या केल्या आहेत. पहाटे तीनला, तापमान किंचित बदलून नमुना केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका सरकल्याचे ध्यानात येऊन रात्रभराची प्रक्षेपणे, म्हणजे निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या छाया, टाकून दिली आहेत. 'रंगवले' हा शब्द असा सहज लिहिणाऱ्याने ती वेळ कधी अनुभवली असेल, असे वाटत नाही.

बाकी मुद्दे थोडक्यात. ब्लॉख बिंदूचा, म्हणजे भोवतालच्या चुंबकनाच्या सर्व दिशा जिथे एकत्र येतात त्या बिंदूचा, गाभा 100 नॅनोमीटरपेक्षा फार लहान असतो, म्हणजे या विभेदनात तो थेट दिसत नाही, हे मलाही ठाऊक आहे. भोवतालच्या चुंबकनाच्या दिशा उलगडल्या की बिंदूचे स्थान ठरते, एवढे पुरे. त्याच प्रक्षेपणांतून एकाहून अधिक रचना संभवतात का आणि पुनर्रचनेत अनिश्चितता किती, हे प्रश्न संशोधन-नियतकालिकांतले आहेत. माझ्या लेखात त्यांना जागा नव्हती.

'पाहिले' हा शब्द मी बदलणार नाही.