‘केशरी कुठल्या बाजूला हे कोण बघतं?’ : सैनिकपुत्र यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सैनिकपुत्र यांस,

गणवेशावरच्या रिबनपट्टीतल्या (म्हणजे पदकांऐवजी त्यांच्या फितींचे तुकडे एका ओळीत लावलेली पट्टी) चुका कशा ओळखाव्यात या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकी वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. मी ‘एसीत बसून शूरांच्या छातीकडे बोट दाखवणारा’ आहे. वीर चक्र हे शौर्याचं, म्हणून ते अति विशिष्ट सेवा मेडल या उल्लेखनीय सेवेच्या पदकाच्या आधी लागलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांचं पदक सगळ्यात शेवटी लावायला सांगणं हा शांतिसेनेचा अपमान आहे. आणि एक वाक्य जसंच्या तसं: ‘महावीर चक्राची रिबन उलटी लागली तरी ती महावीर चक्राचीच राहते, केशरी कुठल्या बाजूला हे कोण बघतं, आणि असं कुठे लिहिलंय?’ त्यापुढे ‘जय हिंद’ आणि उद्गारचिन्हांची अख्खी पलटण.

आधी भाषेबद्दल बोलू. मतभेद असावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याच्या घरात एसी आहे की पंखा हे ठरवून मग त्याला झोडपायचं, ही कुठली रीत? पलटणीच्या टेलर शॉपपासून आजपर्यंत माझी हयात मेडलं माउंट करण्यात आणि रिबनपट्ट्या बांधण्यात गेली आहे. हाताला पिना टोचून घट्टे पडलेत. ‘तुम्हाला काय कळतं’ हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारलात तर बरं होईल.

एक गोष्ट मान्य करतो. लेखातला फोटो मी फार लहान टाकला होता. मोबाइलवर विशिष्ट सेवा मेडलच्या तीन निळ्या रेघा दोनच दिसतात आणि माणूस एक पायरी वर चढतो. सोनेरी रिबनवर एक निळी रेघ म्हणजे परम विशिष्ट, दोन म्हणजे अति विशिष्ट, तीन म्हणजे विशिष्ट. तेव्हा रेघा मोजायच्या असतील तर फोटो मोठा हवा, हे बरोबर. फोटो बदलला आहे.

आता ते वाक्य.

कुठे लिहिलंय? भारताच्या राजपत्रात. २६ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही पदकं स्थापन झाली, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून. पदकाचा धातू, आकार, त्यावरचं चिन्ह जिथे ठरवलं आहे तिथेच रिबनही ठरवली आहे. महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी, अर्धी केशरी, रुंदी सुमारे ३.२ सेंटिमीटर, आणि केशरी भाग डाव्या खांद्याकडे. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. तिथेही केशरी डाव्या खांद्याकडेच. ही कुणा टेलरची आवड नाही की माझी हौस नाही. पदक ज्या कागदाने जन्माला आलं त्याच कागदावर ही बाजू लिहिलेली आहे.

‘कोण बघतं’ याचं उत्तर असं की, बहुतेक रिबनींच्या बाबतीत खरोखरच कुणी बघत नाही, कारण बघण्यासारखं काही नसतं. अशोक चक्राची रिबन हिरवी, मधोमध एक केशरी रेघ. कीर्ती चक्राला दोन रेघा, शौर्य चक्राला तीन. सेना मेडल लाल, मधोमध पांढरी रेघ. जखमी सैनिकाच्या पराक्रम पदकाची पांढरी, मधे लाल पट्टा. या सगळ्या दोन्ही बाजूंनी सारख्या. फिरवा, उलटा, काही फरक पडत नाही. टेलरचा हात याच रिबनींवर बसलेला असतो. हजार पट्ट्यांमागे कधीतरी एक महावीर किंवा वीर चक्र त्याच्या टेबलावर येतं आणि तिथेच घोळ होतो.

घोळ कसा होतो तेही सांगतो, म्हणजे मी कुणाच्या शौर्यावर शंका घेतोय हा तुमचा समज जाईल. गिऱ्हाईक सांगतं, ‘केशरी डावीकडे हं.’ ते बोलतंय स्वतःच्या डाव्या खांद्याबद्दल. टेलरसमोर पट्टी टेबलावर पडलेली, तोंड वर. तो समोरून बघतोय. तो केशरी आपल्या डावीकडे घेतो. झालं. घालणाऱ्याचा डावा खांदा हा बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो, एवढं एक वाक्य दुकानात भिंतीवर लिहून ठेवलं तर निम्म्या चुका टळतील. समोरून बघताना महावीर चक्रात आधी पांढरा, मग केशरी. वीर चक्रात आधी निळा, मग केशरी. बस.

मी पट्टी बांधायला घेतो तेव्हा आधी मागच्या पत्र्यावर परमनंट मार्करने दोन खुणा करतो: वर कुठे आणि डावा खांदा कुठे. मग रिबन कापायची. ३२ मिलिमीटर रुंदीत दोन रंगांचा सांधा बरोबर १६ वर येतो आणि तो पट्टीच्या वरच्या कडेशी काटकोनात राहिला पाहिजे. इतर रिबन केसभर तिरकी बसली तर खपून जाते, इथे मधला सांधा चुगली करतो. चिकटवायला पातळ गोंद वापरायचा नाही. केशरीवर दिसत नाही, पण पांढऱ्या अर्ध्यात तो झिरपतो आणि दोन पावसाळ्यांत तिथे पिवळा डाग उठतो. मागच्या बाजूने टाके घालावेत. कापलेली कड आत दुमडावी, नाहीतर धागे सुटतात आणि धुण्याआधी पट्टी काढायला कुणी विसरलं की कुंचाच होतो.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या ‘काय फरक पडतो’मध्ये हरवला. केशरी चुकीच्या बाजूला दिसला की त्याची कारणं तीन असू शकतात, आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. केशरीच्या बाजूमुळेच ती वेगळी काढता येतात.

पट्टीतला क्रम बरोबर आहे, सर्वांत मानाची रिबन शर्टाच्या बटणांकडे आहे, आणि फक्त अर्धी-अर्धी रिबनच उलटी आहे, तर ती बांधणाऱ्याची चूक. घालणाऱ्याचा संबंध नाही.

क्रमही उलटा झालाय आणि केशरीही बटणांकडे आलाय, तर बांधणी ठीक असून पट्टी डोक्यावर उभी लावली आहे. मागे दोन क्लच पिना (कापडातून आरपार जाऊन मागून चापाने अडकणाऱ्या) असलेल्या पट्टीचं हे नेहमीचं दुखणं. खिशावर दोन भोकं सारख्या अंतरावर असतात आणि सकाळच्या घाईत पट्टी कशीही बसते. एकाच ओळीची असेल तर आरशातही कळत नाही. जास्त ओळी असतील तर लगेच कळतं, कारण कमी रिबनी असलेली अपुरी ओळ वर मधोमध असायला हवी, ती खाली गेलेली दिसते.

आणि तिसरं, फोटोच उलटा आहे. आपल्याकडे हा प्रकार सर्वांत जास्त, आणि त्याचं श्रेय फ्लेक्सवाल्यांना. सत्काराच्या फ्लेक्सवर चेहरा मजकुराकडे वळलेला हवा, म्हणून डिझाइन करणारा पोरगा फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा फिरवतो. रिबनपट्टी उजव्या खिशावर येते, नावाची पाटी डावीकडे जाते, शर्टाची उजवी बाजू डावीवर चढलेली दिसते. अशा फोटोत सैनिकाने काहीच चुकवलेलं नसतं. पट्टी चुकीच्या छातीवर दिसते, पण केशरी बाहेरच्या खांद्याकडे आणि मानाची रिबन बटणांकडेच राहते. नावाची पाटी उलटी वाचता आली की तपास संपला. पाटी पुसट असेल तर बटणपट्टी बघावी.

अडचण येते ती फोटो कापून फक्त पट्टी दाखवली असेल तेव्हा. कारण डोक्यावर उभी केलेली पट्टी आणि फिरवलेल्या फोटोतली, म्हणजे आरशातली पट्टी, दोन्हींत क्रमही फिरतो आणि केशरीही. हवाई दलाच्या माणसाच्या पट्टीत वायुसेना मेडल असेल तर सुटका होते. त्या रिबनवर राखाडी आणि केशरी तिरप्या पट्ट्या असतात. पट्टी अर्धा फेरा फिरवून उलटी केली तरी तिरप्याचा कल बदलत नाही, आरशात मात्र बदलतो. म्हणजे अस्सल रिबनीशेजारी धरून कल जुळला तर पट्टी उलटी लावली आहे, न जुळला तर फोटो फिरवला आहे. रिबनीवर चिन्ह असेल तर आणखी सोपं. डोक्यावर उभ्या पट्टीत तेही डोक्यावर उभं दिसतं. युद्धवृत्तात उल्लेख झालेल्याच्या मोहीम-पदकाच्या रिबनवर कमळाचं पान असतं, त्याचा देठ कुठे आहे ते बघावं.

जुन्या कृष्णधवल फोटोंबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, पण पुढे कुणीतरी म्हणेलच. महावीर चक्र कृष्णधवलमध्येही वाचता येतं, पांढरा अर्धा भाग उजळ राहतो. वीर चक्र अवघड. निळा आणि केशरी दोन्ही करडे होतात आणि काही फिल्मवर जवळजवळ एक होतात. तिथे मी मत देत नाही.

वीर चक्र आणि अति विशिष्ट सेवेचा वाद दोन ओळींत संपवतो. पदकांचा क्रम सरकार ठरवतं, आपल्या भावना नाहीत. परम विशिष्ट सेवा मेडल महावीर चक्राच्या वर आहे आणि अति विशिष्ट सेवा मेडल वीर चक्राच्या वर. आपल्या अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य घ्या. १९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धांत महावीर चक्र. त्यांच्या नावापुढची अक्षरं अशी लागतात: पीव्हीएसएम (परम विशिष्ट सेवा मेडल), एमव्हीसी (महावीर चक्र) आणि बार, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, मग एव्हीएसएम (अति विशिष्ट सेवा मेडल). पीव्हीएसएम आधी आहे म्हणून महावीर चक्र लहान झालं का? त्यांच्याच उदाहरणात आणखी एक चूक ओळखता येते. एकच पदक दोनदा मिळालं तरी रिबन एकच लागते, तिच्यावर चक्राची छोटी प्रतिकृती येते. दोन सारख्या रिबनी शेजारीशेजारी दिसल्या, मग त्या महावीरच्या असोत की सेना मेडलच्या, की समजावं काहीतरी गडबड आहे. क्लॅस्पचंही, म्हणजे सेवेचा प्रदेश सांगणाऱ्या पदकावरच्या धातूच्या पट्टीचंही, तसंच. सैन्य सेवा मेडलवर ‘हिमालय’ आणि ‘जम्मू-काश्मीर’ असे दोन क्लॅस्प असले तरी पट्टीत रिबन एकदाच.

संयुक्त राष्ट्रांचं पदक भारतीय पदकांच्या मागेच लागतं. अपमानबिपमान काही नाही, बाहेरचं पदक घरच्या पदकांनंतर. पुढे.

राहता राहिला ‘शूरांच्या छातीकडे बोट’ हा आरोप. वर जे तीन प्रकार सांगितले त्यांत कुठेही सैनिकाचा खोटेपणा येत नाही, हे तुम्ही वाचलंच नाहीत किंवा वाचायचं नव्हतं. तोतया ओळखायचा तो वेगळ्या खुणांनी. स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं पदक १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असलेल्यांचं, पंच्याहत्तरीचं १५ ऑगस्ट २०२२ ला सेवेत असलेल्यांचं. पंचविशीतल्या पोराच्या छातीवर पन्नाशीचं पदक दिसलं तर हिशोब करायला गणिताची पदवी लागत नाही. तीस वर्षांच्या सेवेचं पदक आहे, पण वीस आणि नऊ वर्षांचं नाही, हेही तसंच. ती तिन्ही बरोबर लागतात. आणि सेनाप्रमुखांच्या प्रशस्तिपत्राला रिबन नसते, त्यामुळे ‘ही कसली रिबन’ यावर ‘कमेंडेशनची’ असं उत्तर आलं की पुढचं संभाषण पोलिसांनी करावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जुन्या दंडसंहितेत हेच कलम १४० होतं. त्यात हेतू महत्त्वाचा, म्हणून उलट्या केशरीसाठी कुणी तुरुंगात जात नाही आणि मीही कुणाला पाठवत नाही. लेखातल्या प्रत्येक फोटोतला चेहरा मी झाकला होता. हे तुमच्या नजरेतून सुटलं, केशरी सुटतो तसंच.

तुम्ही खाली जोडलेला फोटो पाहिला. त्यात वीर चक्राचा केशरी बटणांकडे आहे असं वाटतं, पण फोटो खिशाच्या कडेपर्यंत कापलेला, बटणं नाहीत, नावाची पाटी नाही, दुसरी ओळ नाही. बांधणी चुकली, पट्टी उलटी लागली की फोटो फिरला, यावरून सांगता येत नाही. पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा गळ्यापासून पट्ट्यापर्यंतचा न कापलेला फोटो जोडा, आणि व्हॉट्सॲपवरून डाउनलोड केलेला नको, मूळ फाइल. चेहरा झाकलात तरी चालेल.