पाटी बांधकामाला लागते, डागडुजीला नाही

पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या लायब्ररीवर नाव आहे बाई जेरबाई वाडिया यांचं. त्यांच्या यजमानांचं आणि मुलांचं नाव मात्र गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. १९३२ साली जोग आणि खाड्ये या दोन प्राध्यापकांनी त्या भागात कॉलेज उभं करायचा घाट घातला, सर कुसरो वाडियांनी पैसा दिला आणि कॉलेजला त्यांच्या वडिलांचं, म्हणजे नौरोसजींचं नाव लागलं. १९३८ला खुद्द कुसरो वाडियांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था आली, १९६९ला धाकट्या नेस वाडियांच्या नावाचं कॉमर्स कॉलेज. रिक्षात बसून नुसतं 'वाडिया' म्हणा, रिक्षावाला पत्ता विचारत नाही.

मध्येच कुणाला तरी हुक्की येते की धनिकांची नावं शिक्षणसंस्थांना हवीतच कशाला. मला त्याचं वावडं नाही. डेक्कन कॉलेजच्या दगडी इमारतीमागे जमशेटजी जीजीभाईंच्या घराण्याचा पैसा आहे, भांडारकर संस्थेच्या इमारतीमागे टाटांचा. ज्याने थैली सोडली त्याचं नाव लागू दे की. आणि पाट्यांना नाक मुरडणारे आपण पुणेकर कोण? हे गावच पाट्यांवर चालतं.

माझं दुखणं वेगळं आहे. पाटी बांधणाऱ्याला मिळते. पुढची शंभर वर्षं ते बांधकाम राखणाऱ्याला काही मिळत नाही, म्हणून राखायला कुणी पुढे येत नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या दगडी इमारतीपाशी पावसाळ्याच्या तोंडावर जाऊन वर बघा. पन्हळीत वर्षाचा पाला साठलेला असतो. पाणी पुढे सरकत नाही, भिंतीवरून उतरतं. दोन दगडांच्या सांध्यात बुलबुल नाहीतर कावळा पिंपळाचं बी टाकून गेलेला असतो. पहिल्या वर्षी दोन पानं, बोटाने उपटता येतील अशी. तेव्हा कुणी उपटत नाही. पाचव्या वर्षी मूळ मनगटाएवढं होतं, दगड जागचा हलतो, मग कंत्राटदार येतो आणि सांध्यात सिमेंट कोंबतो. हे सिमेंट म्हणजे तर रोगापेक्षा औषध जालीम. जुने सांधे चुन्याचे. चुना ओल सोडतो, भिंतीला श्वास घेऊ देतो. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि मग सांध्याऐवजी दगडाच्याच कडा झडायला लागतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि काम झाल्यावर फोटोत काहीच वेगळं दिसत नाही! फीत कापायला पाहुणा तरी कुठून आणणार?

याच वाडियांचं एक उदाहरण मला फार आवडतं. हे घराणं मूळचं जहाजं बांधणारं, १७३६ला सुरतेहून मुंबईच्या गोदीत आलेलं. या घराण्याने मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' नावाची सागवानी युद्धनौका १८१७ला पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. आपल्या मलबारी सागाची पुण्याई आहेच, पण गेल्या शतकाच्या अखेरीस तिथल्या लोकांनी दहा-एक वर्षं खपून तिची एकेक फळी तपासली, म्हणून. एरवी सागही कुजतोच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या बॅचचा ग्रुप. कॉलेजला काहीतरी भेट द्यायची ठरली आहे. आतापर्यंतच्या सूचना अशा: ग्रॅनाइटचं बाक, स्वागतकमान, एलईडी बोर्ड, 'आय लव्ह' असं काहीतरी लिहिलेला सेल्फी पॉइंट. मी म्हटलं, त्यापेक्षा पैसे मुदत ठेवीत टाकू आणि दरवर्षी व्याजातून मे महिन्यात कौलं चाळून, पन्हळी साफ करून देऊ. वर्षातून एकदा सांधे बघायला जाणकार माणूस नेऊ. आपल्या आज्या-पणज्या घर शाकारल्याशिवाय मृग लागू देत नव्हत्या, त्यात नवीन काय आहे? त्यावर एका मित्राने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "अरे पण मग आपल्या बॅचचं नाव कुठे लावायचं? पन्हळीवर?"

लावा की पन्हळीवर. खालून दिसणार नाही, पण साफ करायला चढणारा तरी वाचेल.

सध्या ग्रुपवर बाक पुढे आहे, पन्हळीला माझ्यासकट चार मतं. त्यातली दोन सिव्हिलवाल्यांची आहेत, हे मुद्दाम सांगतो. मतदान रविवारपर्यंत चालू आहे. बॅचमधले जे कुणी ग्रुप म्यूट करून बसले आहेत आणि ही पोस्ट वाचतायत, त्यांनी कृपया जाऊन मत द्यावं. बाकाला दिलंत तरी चालेल, फक्त ते निदान गळणाऱ्या भिंतीखाली ठेवू नका.