धागा कुजतो, पीएलए नाही
केळीचा धागा मिसळला की पीएलएची (मका-उसासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकची) वस्तू शेतातल्या उकिरड्यावरही कुजते, असं तुमच्याकडच्या या विषयावरच्या लेखात म्हटलंय. हे चूक आहे. धागा कुजतो, पीएलएला मात्र ओल आणि ५८-६० अंशांची सलग ऊब लागते, ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातच मिळते. जळगावला आम्ही अशा कुंड्या परसात पुरल्या होत्या. वर्षभराने उकरल्या तर कडा तेवढ्या भुरभुरीत, बाकी कुंडी शाबूत.

आणि धागा वाळवण्याबद्दल एक ओळही नाही! खरी मेख तिथे आहे. हा धागा हवेतली ओल पितो. तसाच पीएलएसोबत वितळवणाऱ्या यंत्रात घातला तर वितळलेल्या पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या त्या पाण्याने तुटतात आणि माल ठिसूळ होतो. कॉस्टिक सोड्यात धुऊन, रात्रभर ओव्हनमध्ये वाळवला तेव्हा कुठे या मिश्रणाच्या आमच्या पट्ट्या वाकवूनही टिकल्या.