खालचं पाणी वर

पाणी खाली यायला काही लागत नाही. माशांच्या टाकीच्या कडेवरून ते ओव्हरफ्लोत पडतं, तिथून पाइपाने खालच्या कपाटातल्या सम्पमध्ये, म्हणजे दुसऱ्या छोट्या टाकीत येतं, जाताजाता गाळूनही निघतं. सगळा कारभार गुरुत्वाकर्षणाच्या खर्चाने. आपला खिसा हलका होतो तो तेच पाणी परत वर चढवायचं म्हटलं की.

त्यासाठी रिटर्न पंप लागतो. माझ्या पंपाच्या खोक्यावर ‘ताशी 3000 लिटर’ असं ठळक छापलंय. हा आकडा स्थळाच्या बायोडेटातल्या पगारासारखा वाचायचा. खाली बारीक अक्षरांत ‘कमाल हेड 3 मीटर’ असतं. म्हणजे 3 मीटर उंचीवर हा पंप नुसता घुमणार, पाणी शून्य. आमची चढण साडेचार फुटांची, तेवढ्यात आकडा निम्म्यावर येतो. शिवाय प्रत्येक एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा कोपराचा जोड, आपला हप्ता कापून घेतो. टाकी अडीचशे लिटरची आहे, पाणी तासाला पाचेक वेळा फिरलं तरी पुरे, म्हणून निभावलं.

मग हार्डवेअरचं दुकान.

“पाऊण इंची एल्बो द्या.”

“यूपीव्हीसी की सीपीव्हीसी? आटे आतून की बाहेरून? काका, गच्चीवरच्या टाकीला का?”

“नाही, माशांच्या.”

दुकानातल्या पोऱ्याने गल्ल्यावरच्या मालकाकडे बघितलं. मालकाने माझ्याकडे. “मासे केवढे आहेत?”

मासे बोटाएवढे आहेत हे सांगायचा धीर झाला नाही.

यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी ही प्लास्टिक पाइपांची दोन घराणी, आणि पाऊण इंच हे प्रकरण मुळात श्रद्धेचं आहे. सीपीव्हीसीचा पाऊण इंची पाइप बाहेरून 22 मिलिमीटर भरतो, यूपीव्हीसीचा 27 च्या जवळपास. छापलेलं दोन्हींवर एकच. आणि पंपाचं तोंड 25 मिलिमीटरच्या नळीसाठी घडवलेलं, म्हणजे दोघांशीही सोयरीक नाही. शेवटी वीतभर लवचीक नळी आणि दोन क्लिपा यांनी तडजोड घडवली. ती नळी तशीही लागतेच. पंप थेट कडक पाइपाला जोडला तर त्याची थरथर सगळ्या कपाटात उतरते आणि रात्रभर दिवाणखाना गुणगुणतो.

सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, लावल्यावर विचार करायला मोजके सेकंद मिळतात. पाइप आत सारायचा, पाव वळसा द्यायचा, धरून ठेवायचा. नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते. या पृथ्वीवर जी गोष्ट परत सुटत नाही तिला मध्ये युनियन, म्हणजे हवा तेव्हा उघडता येणारा जोड, टाकावा, असं माझं ठाम मत झालंय, आणि ते फक्त प्लंबिंगपुरतं नाही.

हे सगळं उभं राहिल्यावर बायकोने एकच प्रश्न विचारला. “अहो, लाइट गेले तर?”

प्रश्न बिनतोड होता. पंप थांबला की त्याच पाइपातून टाकीतलं पाणी उलटं खाली ओढलं जातं, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. चार फूट बाय दीड फुटाच्या टाकीत पातळी एक इंच उतरली तर सुमारे 14 लिटर होतात, आणि आमच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली पाच इंच. हिशेब तिनेच केला. “एनआरव्ही टाका आणि निवांत झोपा,” दुकानदार म्हणाला होता. एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. पण त्याच्या झडपेत वाळूचा एक कण किंवा पोरसवदा गोगलगाय अडकली की निवांत झोपलेल्यांच्या सतरंज्या भिजतात. खरा इलाज फुकटचा आहे. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या अगदी जरासं खाली बारीक छिद्र पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. फक्त त्यात शेवाळ बसू द्यायचं नाही, म्हणून दर रविवारी काडी घालायची. हे खातं माझ्याकडे आहे.

चाचणीसाठी स्विच बंद करायची गरज पडली नाही. पुण्यात लाइट जायचा गुरुवार येतोच. बायकोने घरातले सगळे जुने टॉवेल कपाटासमोर अंथरले आणि बादली घेऊन बसली. लाइट गेले, पाइपाने मोठा घोट घेतला, सम्प चढू लागला, आणि काठाच्या चार बोटं खाली थांबला. टॉवेल कोरडे.

“म्हणजे लाइट नसताना छान चालतंय,” टॉवेलांच्या घड्या घालत ती म्हणाली. “आता लाइट असताना काय करतंय तेही एकदा बघून घ्या.”